बाप्तिस्मा कोणी द्यावा? इंदूरच्या मराठी ख्रिस्ती कुटुंबांसाठी मार्गदर्शन

बाळाच्या बाप्तिस्म्याची बोलणी घरात सुरू झाली की आधी तारीख ठरते, मग जेवणाचा बेत ठरतो, पांढऱ्या झबल्याचे माप शिंप्याकडे जाते, आणि बाप्तिस्मा देणार कोण हा प्रश्न बहुधा पत्रिका छापून झाल्यावर उभा राहतो. इंदूरच्या मराठी ख्रिस्ती घरांत तो जरा अधिकच गुंततो, कारण इथे एकाच छपराखाली तीन परंपरा नांदताना दिसतात. आजोबा अहमदनगरकडच्या मिशनमंडळीतून नोकरीनिमित्त इकडे आलेले, सून वसईची कॅथलिक, आणि धाकटा मुलगा कॉलनीतल्या एखाद्या स्वतंत्र फेलोशिपमध्ये जाणारा. नगरचे मामा स्वतः पाळक आहेत, तेव्हा त्यांच्याच हातून बाप्तिस्मा व्हावा अशी आजीची इच्छा असते. फादरांशिवाय कसे चालेल, असे सुनेच्या माहेरचे विचारतात. आणि तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा द्यायचाच नसतो, असे धाकट्याचे ठाम मत असते. मंडळीच्या नोंदवह्या सांभाळण्याचे काम काही वर्षे माझ्याकडे असल्यामुळे हे तिन्ही सूर मी पुष्कळदा ऐकले आहेत. वाद बहुतेक वेळा श्रद्धेचा नसतो, दोन वेगळे प्रश्न एकत्र कालवल्यामुळे तो पेटलेला असतो.

पहिला प्रश्न असा की, अमुक व्यक्तीने दिलेला बाप्तिस्मा मुळात बाप्तिस्मा म्हणून ग्राह्य आहे का. दुसरा असा की, तो देण्याचा अधिकार त्या व्यक्तीला रीतसर मिळालेला होता का. पहिल्याचे उत्तर ‘हो’ आणि दुसऱ्याचे ‘नाही’ असे सर्रास घडते. परवानगी न घेता दुसऱ्याच्या पॅरिशमध्ये, म्हणजे दुसऱ्या धर्मगुरूकडे सोपवलेल्या हद्दीत, जाऊन बाप्तिस्मा देणाऱ्या फादरांनी नियम मोडलेला असतो, परंतु त्या बाळाचा बाप्तिस्मा मात्र पक्का असतो. हा भेद मनात ठेवूनच पुढचे वाचावे.

पवित्र शास्त्रात या बाबतीत नियमावली शोधू गेल्यास ती सापडत नाही, आणि जे सापडते ते थोडे चकित करणारे आहे. येशू स्वतः बाप्तिस्मा देत नव्हता, त्याचे शिष्य देत होते, असे योहानाच्या शुभवर्तमानात चौथ्या अध्यायाच्या दुसऱ्या वचनात स्पष्ट म्हटले आहे. करिंथकरांना लिहिताना पौल सांगतो की क्रिस्प, गायस आणि स्तेफनाच्या घरचे लोक यांच्याखेरीज आपण तिथे कोणाला बाप्तिस्मा दिल्याचे आपल्याला स्मरत नाही, आणि ख्रिस्ताने आपल्याला बाप्तिस्मा देण्यासाठी नव्हे तर सुवार्ता सांगण्यासाठी पाठवले. कूशी षंढाला रस्त्याकडेच्या पाण्यात बाप्तिस्मा देणारा फिलिप्प हा बारा प्रेषितांपैकी नव्हता, तर जेवणाच्या पंगतीची व्यवस्था पाहण्यासाठी निवडलेल्या सातांपैकी एक होता. खुद्द पौल ज्याच्याकरवी मंडळीत आला त्या हनन्याची ओळख तर ‘दिमिष्कातील एक शिष्य’ एवढीच दिलेली आहे. देणाऱ्याच्या पदवीला आरंभी फारसे महत्त्व नव्हते, हे यावरून दिसते.

शिस्त मात्र लवकरच आली. दुसऱ्या शतकाच्या आरंभी अंत्युखियाच्या इग्नेशियसने बिशपाशिवाय बाप्तिस्मा देणे योग्य नाही असे लिहिले, आणि शंभरएक वर्षांनी उत्तर आफ्रिकेतील ख्रिस्ती लेखक टर्टुलियनने क्रम लावून दिला: प्रथम बिशप, मग त्याच्या अनुमतीने प्रेस्बिटर, म्हणजे दीक्षित धर्मगुरू, आणि त्याच्या खालच्या पायरीवरचा दीक्षित सेवक डीकन, आणि अगदीच गरज पडली तर सामान्य ख्रिस्ती माणूस. स्त्रियांना मात्र त्याने यातून वगळले होते. तिसऱ्या शतकाच्या मध्यात कार्थेजचा सिप्रियन आणि रोमचा बिशप स्टीफन यांच्यात जोराचा वाद झाला. पाखंडी पंथात बाप्तिस्मा घेतलेला माणूस परत आला तर त्याला पुन्हा बाप्तिस्मा द्यावा असे सिप्रियनचे मत होते. द्यायचा नाही, त्याच्यावर हात ठेवून त्याला सामील करून घ्यायचे, असे स्टीफनचे. इ.स. ३१४ साली आर्ल येथील धर्मसभेने त्रैक्याच्या, म्हणजे पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या, नावाने झालेला बाप्तिस्मा मान्य करण्याचा निर्णय दिला, आणि पुढे बिशप ऑगस्टीनने, भ्रष्ट धर्मगुरूने दिलेला संस्कार न मानणाऱ्या डोनाटिस्ट पंथाशी वाद घालताना, त्यामागचे कारण मांडले: पेत्राने बाप्तिस्मा दिला काय किंवा यहूदाने दिला काय, खरा बाप्तिस्मा देणारा ख्रिस्तच असतो.

हा सोळाशे वर्षांपूर्वीचा वाद आजच्या इंदुरात कशाला, असे कोणी म्हणेल. ज्या पाळकाने बाप्तिस्मा दिला त्याच्याविषयी पुढे काही वाईट कानावर आले, तो पैशाच्या भानगडीत अडकला किंवा मंडळी सोडून गेला, तर ‘आता आमच्या मुलीच्या बाप्तिस्म्याचे काय’ असे विचारत आई-वडील येतात, आणि ते खरोखर घाबरलेले असतात. त्यांना द्यायचे उत्तर ऑगस्टीनने देऊन ठेवलेले आहे. देणाऱ्याचे चारित्र्य बिघडले म्हणून बाप्तिस्मा बिघडत नाही, आणि मुलीला पुन्हा पाण्यापाशी नेण्याचे काही कारण नाही.

कॅथलिक मंडळीत

इथे नियम सर्वांत स्पष्ट आहेत आणि ते १९८३ च्या धर्मसंहितेत लिहिलेले आहेत. बिशप, धर्मगुरू आणि डीकन हे बाप्तिस्म्याचे नेहमीचे अधिकारी होत. यांपैकी डीकनाविषयी लोक उगाच साशंक असतात. डीकन मिस्सा अर्पण करू शकत नाही आणि पापनिवेदन ऐकू शकत नाही हे खरे, पण बाप्तिस्मा देण्याचा अधिकार त्याला पूर्ण असतो. तेव्हा धर्मगुरूपदाच्या वाटेवर असलेल्या तरुण डीकनाने आपल्या बाळाला बाप्तिस्मा दिला म्हणून रुसून बसण्यात अर्थ नाही. जिथे यांपैकी कोणीच पोहोचू शकत नाही, तिथे बिशप धर्मशिक्षकाला किंवा दुसऱ्या एखाद्या व्यक्तीला नेमू शकतात, आणि ती व्यक्ती सिस्टरही असू शकते. मात्र त्या सिस्टर आहेत, पुष्कळ वर्षांच्या ओळखीच्या आहेत आणि बाळावर त्यांची माया आहे, एवढ्यावर शहरातल्या चर्चमध्ये त्यांच्याकडून बाप्तिस्मा करवून घेता येत नाही.

स्थळाचाही नियम आहे. बाळाचा बाप्तिस्मा आई-वडिलांच्या पॅरिश चर्चमध्ये व्हावा, खासगी घरात गरजेशिवाय होऊ नये, आणि एका धर्मगुरूने दुसऱ्याच्या हद्दीत परवानगीवाचून बाप्तिस्मा देऊ नये. घरातले नातलग फादर वसईहून किंवा नाशिकहून येणार असतील तर सर्वप्रथम आपल्या पॅरिश प्रीस्टना भेटावे. ही भेट तिकिटे काढण्यापूर्वी व्हावी, नंतर नव्हे. बहुतेक वेळा आनंदाने होकार मिळतो. पाहुण्या फादरांना आपल्या बिशपांचे किंवा संस्थेचे ओळखपत्र बरोबर ठेवायला सांगावे, म्हणजे ऐनवेळी कोणाची अडचण होत नाही. चौदा वर्षे पूर्ण झालेल्या उमेदवाराची गोष्ट आधी बिशपांच्या कानावर घालावी लागते, कारण इच्छा असल्यास तो बाप्तिस्मा ते स्वतः देऊ शकतात.

धर्मपिता आणि धर्ममाता यांच्या पात्रतेची गल्लत देणाऱ्याच्या पात्रतेशी होते, म्हणून तेही इथेच सांगून टाकतो. ते बाप्तिस्मा देत नाहीत, मुलाच्या श्रद्धेची जबाबदारी घेतात. त्यांचे वय साधारणतः सोळा पूर्ण असावे, ते कॅथलिक असावेत, त्यांचे दृढीकरण, म्हणजे बाप्तिस्म्यानंतर श्रद्धा पक्की करणारा संस्कार, झालेले असावे, आणि ते बाळाचे आई-वडील नसावेत. प्रोटेस्टंट आत्याला किंवा काकाला मानाने उभे करायचे असेल तर एका कॅथलिक धर्मपित्याबरोबर किंवा धर्ममातेबरोबर त्यांना साक्षीदार म्हणून उभे राहता येते. या तडजोडीने मी दोन घरांतली भांडणे मिटलेली पाहिली आहेत.

चर्च ऑफ नॉर्थ इंडियात

इंदूरला कॅनडाचे प्रेस्बिटेरियन मिशन १८७७ साली आले, आणि इथल्या जुन्या प्रोटेस्टंट घरांच्या सवयी त्या मुळातून आलेल्या आहेत. प्रेस्बिटेरियन परंपरेचा आधार असलेल्या वेस्टमिन्स्टर विश्वासपत्राने सतराव्या शतकात ठरवून टाकले होते की बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन हे दोन्ही विधी रीतसर दीक्षित वचनसेवकानेच करावेत, इतर कोणीही नाही. त्याच्याही आधी, सोळाव्या शतकातील धर्मसुधारक कॅल्विनने सुइणींनी घाईघाईत दिलेल्या बाप्तिस्म्यावर कडक टीका केली होती. त्याचे म्हणणे असे की देवाचे वचन बाळाला आधीच लाभलेले असते, पाणी पोहोचले नाही म्हणून ते बाळ देवाला परके होत नाही. आजारी बाळ असतानाही आमच्या जुन्या पिढीतले लोक ‘पाद्रीसाहेब येऊ द्या’ म्हणून थांबत, त्यामागे हट्ट नव्हता, ही शिकवण होती.

पुढे २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला सहा मंडळ्यांच्या एकीकरणातून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. त्यांत अँग्लिकन होते, प्रेस्बिटेरियन वारशाची युनायटेड चर्च होती आणि बॅप्टिस्टही होते. म्हणूनच या एका मंडळीत बालबाप्तिस्मा आणि विश्वास कबूल केल्यानंतरचा बाप्तिस्मा या दोन्ही रीती मान्य आहेत. आपल्या मुलाला त्याने मोठेपणी स्वतः निर्णय घ्यावा असे ज्यांना वाटते, ते बाळाचे समर्पण करून, म्हणजे पाण्याविना प्रार्थनेने त्याला देवाच्या हाती सोपवून, थांबू शकतात. तेव्हा वर सांगितलेल्या धाकट्या मुलाला घर सोडून वाद घालण्याची गरज नाही. त्याच्या मतालाही या छताखाली जागा आहे.

बाप्तिस्मा देण्याचे काम इथे बिशप किंवा प्रेस्बिटर करतात, आणि या मंडळीत स्त्रियांनाही दीक्षा मिळत असल्यामुळे त्या प्रेस्बिटर बाई असू शकतात. ‘बाईंनी दिलेला चालेल का’ हा प्रश्न कुजबुजत विचारला जातो. त्याचे उत्तर मोठ्याने द्यावे की चालतो, आणि त्यात कमी काही नाही. मंडळीतले वडील, सचिव, संडे स्कूलचे शिक्षक किंवा महिला मंडळाच्या अध्यक्षा यांना पदामुळे हा अधिकार येत नाही. दुसऱ्या मंडळीचे पाळक यायचे असतील तर इथल्या प्रेस्बिटरना आधी लेखी कळवावे. नगरच्या मामांच्या बाबतीत माझा सल्ला असा असतो की उपासना इथल्या प्रेस्बिटरने चालवावी, मामांनी वचन वाचावे आणि प्रार्थना करावी, आणि प्रेस्बिटरची हरकत नसेल तर पाणी मामांच्या हातून घालावे. सेंट ॲन चर्चसारख्या, म्हणजे साऱ्या इंदुराला व्हाइट चर्च म्हणून ठाऊक असलेल्या जुन्या देवळात असा प्रसंग असला की पाहुण्यांचे निम्मे लक्ष इमारतीकडे असते, तेव्हा कोणी काय करायचे ते कागदावर लिहून आधीच ठरवलेले बरे.

बुडवून बाप्तिस्मा देणाऱ्या मंडळ्या

बॅप्टिस्ट, ब्रदरन, पेंटेकॉस्टल आणि स्वतंत्र फेलोशिप यांत विश्वास धरलेल्या व्यक्तीलाच, संपूर्ण पाण्यात बुडवून, बाप्तिस्मा देतात. बॅप्टिस्टांत हे काम सहसा पाळक करतो, पण अधिकार मूलतः मंडळीचा मानला जातो आणि मंडळी दुसऱ्या विश्वासू सदस्यालाही नेमू शकते. ब्रदरन मंडळ्यांत दीक्षित पाळकवर्गच नसल्यामुळे कोणीही परिपक्व बंधू ते करतो. अशा ठिकाणी ‘यांना दीक्षा कोणी दिली’ हा प्रश्न कॅथलिक अर्थाने विचारण्यात हशील नाही. त्याऐवजी हे विचारावे: ही मंडळी किती दिवसांची आहे, तिचे वडील कोण आहेत, बाप्तिस्मा कोणत्या शब्दांत देणार, नोंद कुठे होणार, आणि प्रमाणपत्रावर एकट्याची सही असणार की मंडळीची. जो माणूस या प्रश्नांनी चिडतो, किंवा ठरावीक रकमेशिवाय पाण्यात उतरत नाही, त्याच्याकडे जाऊ नये. कॅथलिक धर्मसंहितेतही ठरवून दिलेल्या देणगीपलीकडे काही मागण्याची मनाई आहे, आणि ऐपत नाही म्हणून कोणाला परत पाठवू नये असे बजावलेले आहे.

बुडवून बाप्तिस्मा देणाऱ्याला अंगात थोडे बळ आणि सवयही लागते, ही गोष्ट कोणी सांगत नाही. पाण्यात दोघे असावेत, पाणी कमरेइतके असावे, घेणाऱ्याने हात छातीशी धरावेत, एकाचा हात त्याच्या पाठीमागे मानेखाली असावा. इंदूरहून काही मंडळ्या त्यासाठी नर्मदेवर जातात. वरच्या बाजूला धरणे आहेत आणि पाणी सोडले की पातळी अचानक चढते, म्हणून स्थानिक नावाड्याला विचारल्याशिवाय कोणीही घाटाची पायरी ओलांडू नये. चर्चमधले बाप्तिस्माकुंड किंवा स्वच्छ टाकी यात श्रद्धेला काही उणे नाही.

सीरियन परंपरेची केरळी कुटुंबे शहरात आहेत आणि त्यांच्याशी सोयरीकही होते, म्हणून एवढेच सांगतो की त्यांच्यात हा संस्कार बिशप किंवा अच्चन, म्हणजे धर्मगुरू, करतात, आणि पौर्वात्य विधींत ‘मी तुला देतो’ याऐवजी ‘अमुक याचा बाप्तिस्मा होत आहे’ अशी शब्दरचना असते. ती कॅथलिकांनाही मान्य आहे. साल्व्हेशन आर्मी, म्हणजे आपली मुक्तिफौज, पाण्याचा बाप्तिस्मा देतच नाही. तिथून आलेल्या सुनेच्या किंवा जावयाच्या बाबतीत ‘हरवलेले प्रमाणपत्र’ शोधत बसू नये.

जिवावर बेतलेले असताना

आता त्या प्रसंगाकडे येतो जिथे या माहितीची खरी गरज पडते, आणि जिथे माहिती शोधायला वेळ नसतो.

बाळ दगावण्याची भीती असेल आणि धर्मगुरू वेळेत पोहोचणार नसतील, तर कॅथलिक नियमानुसार कोणीही बाप्तिस्मा देऊ शकतो: आई, वडील, आजी, नर्स. देणारी व्यक्ती स्वतः ख्रिस्ती नसली तरीही चालते. चर्च बाप्तिस्म्यात जे करते ते करण्याचा तिचा हेतू असला म्हणजे पुरे. १४३९ साली फ्लॉरेन्सच्या धर्मसभेने हे स्पष्ट शब्दांत लिहून ठेवले, आणि टर्टुलियनने वगळलेल्या स्त्रियांचा त्यात नाव घेऊन समावेश आहे. ल्यूथरन आणि अँग्लिकन परंपराही आणीबाणीत सामान्य ख्रिस्ती व्यक्तीने दिलेला बाप्तिस्मा मानतात.

माझी एक आत्या नर्स होती. ती सांगायची की रात्रपाळीत असा प्रसंग आला की पहिली अडचण पाण्याची नसते, थरथरणाऱ्या हाताची असते. तिची रीत अशी: डॉक्टरांना विचारायचे, हात कोपरापर्यंत धुवायचे, निर्जंतुक पाणी छोट्या स्टीलच्या वाटीत घ्यायचे, बाळ काचेच्या पेटीत असेल तर सुई काढलेल्या सिरिंजमध्ये दोन मिलिलिटर भरायचे. मग बाळाच्या डोक्यावर, नळ्या आणि चिकटपट्ट्या चुकवून, तीन वेळा थोडे थोडे पाणी सोडायचे आणि ते सोडत असतानाच म्हणायचे: ‘मरिया, मी तुला पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा देते.’ नाव ठरलेले नसेल तर नावाशिवाय म्हणायचे. पाणी कातडीवरून वाहिले पाहिजे. ओले बोट कपाळाला लावून क्रूस काढला की मागाहून शंका निघते. पाणी नळाचे, उकळलेले किंवा बाटलीतले कसलेही चालते, आशीर्वादित असण्याची गरज नाही. परंतु चहा, दूध, तेल किंवा गुलाबपाणी चालत नाही. आणि जो पाणी घालतो त्यानेच शब्द म्हणायचे असतात. एकाने ओतायचे आणि दाराशी उभ्या असलेल्या आजोबांनी मोबाइलवरून वाचायचे, असे करू नये.

शब्दांच्या बाबतीत मराठी माणसाला एक विशेष सूचना करावीशी वाटते. जुन्या वळणाच्या घरांत वडीलधारी माणसे स्वतःविषयी ‘आम्ही’ म्हणतात. इथे ‘मी’च म्हणावे. ‘आम्ही तुला बाप्तिस्मा देतो’ या शब्दांनी दिलेला बाप्तिस्मा ग्राह्य नाही असा निर्णय व्हॅटिकनने ऑगस्ट २०२० मध्ये दिला, आणि त्यामुळे अमेरिकेत हजारो लोकांना आपापले बाप्तिस्मे तपासावे लागले. त्याआधी २००८ मध्ये ‘निर्माता, तारणारा व पवित्र करणारा’ असे बदललेले शब्दही अग्राह्य ठरले होते. भाषा मात्र कोणतीही चालते. इंदूरच्या उपासना बहुतेक हिंदीत होतात आणि तिथे ‘बाप्तिस्मा’चा ‘बपतिस्मा’ होतो. ‘मराठीत म्हटलेच नाही’ म्हणून हळहळणाऱ्या आजीबाईंना सांगावे की अर्थ एकच आहे, आणि हवे तर फादरांना किंवा पाळकांना विनंती करून तेवढे एक वाक्य मराठीत म्हणवून घ्यावे. नम्रपणे सांगितले तर सहसा कोणी नाही म्हणत नाही.

बाळ वाचले तर, आणि पुष्कळदा ते वाचते, त्याला पुन्हा बाप्तिस्मा द्यायचा नसतो. चर्चमध्ये नेऊन तेल, पांढरे वस्त्र, मेणबत्ती असे राहिलेले विधी पूर्ण करून घ्यायचे. बाळ गेल्यावर मात्र बाप्तिस्मा देता येत नाही, कारण संस्कार जिवंतांसाठी असतात. अशा वेळी आई-वडिलांच्या मनाला खाणारा प्रश्न दफनाचा असतो. त्यांची बाप्तिस्म्याची इच्छा होती एवढे असले तर बिशपांच्या अनुमतीने बाळाचा अंत्यविधी चर्चच्या रीतीने होऊ शकतो. ही अनुमती मागण्याचे काम फादरांवर सोपवावे, आई-वडिलांना फिरवू नये.

याच ठिकाणी एक मर्यादा घालतो. दुसऱ्याच्या मुलाला, त्याच्या आई-वडिलांच्या संमतीशिवाय, कितीही चांगल्या हेतूने कोणीही बाप्तिस्मा देऊ नये. वॉर्डात काम करणाऱ्या आपल्या नर्सभगिनींना हे विशेष सांगणे आहे. स्वतःचा बाप्तिस्मा स्वतः करता येत नाही हेही जाता जाता सांगतो. १२०६ साली पोप तिसरा इनोसंट याच्यापुढे असा प्रसंग आला होता आणि त्याने देणारा व घेणारा वेगवेगळे असलेच पाहिजेत असे उत्तर दिले होते.

आधी झालेला आहे की नाही, अशी शंका असताना

दत्तक मूल, लहानपणी आई-वडील गमावलेली व्यक्ती, किंवा ज्या गावच्या मंडळीच्या वह्या वाळवीने खाल्ल्या तिथून आलेले कुटुंब, यांच्या बाबतीत ही शंका येते. आधी साक्षीदार शोधावा. मोठ्या माणसाचा बाप्तिस्मा झाला असल्यास त्याने स्वतः केलेले कथनही कॅथलिक नियमात पुरावा ठरू शकते, आणि निःपक्षपाती असा एक साक्षीदारही पुरतो. शोध घेऊनही शंका उरली तर धर्मगुरू ‘तुझा बाप्तिस्मा झालेला नसेल तर’ असे शब्द आधी जोडून सशर्त बाप्तिस्मा देतात. लग्न ठरताना हा प्रश्न कॅथलिक व प्रोटेस्टंट घरांत हमखास निघतो. चर्च ऑफ नॉर्थ इंडियासारख्या मंडळीत पाण्याने आणि त्रैक्याच्या नावाने झालेला बाप्तिस्मा कॅथलिकांना मान्य असतो, त्यामुळे ‘पुन्हा घ्यावा लागेल’ असे कोणी घाबरवत असेल तर कागद घेऊन थेट पॅरिशमध्ये जावे. केवळ ‘येशूच्या नावाने’ दिलेला बाप्तिस्मा मात्र तिथे अडतो. बुडवून बाप्तिस्मा देणाऱ्या मंडळ्या बालबाप्तिस्म्याला बाप्तिस्माच समजत नाहीत, म्हणून त्यांच्या लेखी मोठेपणचा हाच पहिला असतो. ज्यांनी आपल्याला कडेवर घेऊन चर्चमध्ये नेले त्या आई-वडिलांना तो अपमान वाटतो. निर्णय आपला असला तरी त्यांना आधी सांगून, समोर बसून बोलून घ्यावा.

दुसऱ्या धर्मातील प्रौढ व्यक्ती बाप्तिस्मा मागते तेव्हा

इथे धर्मशास्त्राबरोबर राज्याचा कायदाही येतो. मध्य प्रदेशात या विषयावर १९६८ पासून कायदा आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली तो वैध ठरवला. त्याची जागा आता मध्य प्रदेश धर्म स्वातंत्र्य अधिनियम २०२१ ने घेतली आहे. त्याच्या कलम १० नुसार धर्म बदलू इच्छिणाऱ्या व्यक्तीने, आणि विधी करणाऱ्या धर्मगुरूनेही, साठ दिवस आधी जिल्हा दंडाधिकाऱ्यांना कळवायचे असते, आणि धर्मगुरूने ते न केल्यास तुरुंगवासाची शिक्षा आहे. हे कलम न्यायालयीन वादात सापडलेले आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने स्वेच्छेने लग्न करणाऱ्या प्रौढांवर त्याखाली कारवाई करू नये असा अंतरिम आदेशही दिला. तरीसुद्धा त्या आदेशावर विसंबून कोणी प्रौढाला घाईने पाण्यात उतरवू नये. वकिलाचा सल्ला घ्यावा, अर्जाची पोच जपून ठेवावी, आणि मंडळीच्या अधिकृत पाळकाशिवाय हे काम कोणाच्या हाती देऊ नये. फिरतीवर आलेल्या, दुसऱ्या दिवशी निघून जाणाऱ्या प्रचारकाच्या हातून तर मुळीच होऊ देऊ नये, कारण मागे राहणाऱ्या कुटुंबालाच सगळ्या प्रश्नांना तोंड द्यावे लागते.

नोंद

बाप्तिस्मा कोणीही दिला असो, ज्या मंडळीच्या हद्दीत तो झाला तिच्या वहीत त्याची नोंद व्हायला हवी. आणीबाणीत घरच्या माणसाने किंवा नर्सने दिला असेल तर तिनेच फादरांना किंवा पाळकांना जाऊन सांगावे: दिवस, वेळ, पाणी कसे घातले, शब्द कोणते म्हटले, जवळ कोण होते. सांगताना लाजू नये आणि काही सजवूही नये. ‘बाप्तिस्मा देणाऱ्याचे नाव’ या रकान्यात तिचे नाव लिहिले जाते, आणि शेरा म्हणून ‘जिवाला धोका असताना’ असे टाकले जाते. आमच्या एका जुन्या वहीत बहुतेक पानांवर त्या रकान्यात ‘रेव्हरंड’ने सुरू होणारी नावे ओळीने आहेत आणि मध्येच एका ओळीत, वेगळ्या शाईत, नुसते ‘बाळाची आजी’ असे लिहिलेले आहे. आजीचे नाव लिहायचे राहून गेले. वीस-बावीस वर्षांनी त्या बाळाचे लग्न ठरले, तेव्हा ही आजी आईकडची की वडिलांकडची हे विचारण्यासाठी मला तीन घरी जावे लागले. म्हणून नोंद होताना स्वतः समोर उभे राहावे, नाव आणि आडनाव पूर्ण लिहून घ्यावे, हिंदीत लिहिताना आडनावाचा ‘ळ’ चुकून ‘ल’ झाला नाही ना ते पाहावे, आणि प्रमाणपत्राची एक प्रत त्याच दिवशी मागून घ्यावी.